घोड्याची पेंढी

शहापूरच्या टांगेवाल्या बाबांनी मला वाचवलं, हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. कशातून वाचवलं ते ओघानं येईल. पण माझी शाळा चौथीत सुटली, लिहायची सवय नाही. मधेच कुठे गाडी बंद पडली तर निदान एवढं तरी कागदावर राहावं.

लोक त्यांना टांगेवाले बाबा म्हणायचे, पण माझी त्यांची ओळख झाली तेव्हा त्यांच्याकडे टांगा नव्हता आणि घोडाही नव्हता. आसनगाव स्टेशनापासून शहापुरापर्यंत त्यांचा टांगा चालायचा. सर्व्हिस मोटार सुरू झाली आणि टांगा बसला. वर्षभरात घोडा गेला. मग ज्या मोटारीनं टांगा खाल्ला तिचीच चाकं दुरुस्त करायला हा माणूस नाक्यावरच्या चिंचेखाली येऊन बसला. खाली गोणपाट, समोर टायर उचकटायच्या दोन टामी, एक पंप, ठिगळं चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा आणि घोड्याच्या खुराला लावायची जुनी कानस. ट्यूब खरवडायला ते तीच कानस वापरायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "खूर काय नि रबर काय. दोन्ही रस्त्यानं झिजतात."

मोटारीला ते घोडी म्हणत, चाकाला पाय आणि हवेला दम. मोटार चिंचेखाली उभी राहायच्या आधीच सांगत, "मागला उजवा दम सोडतोय." जॅक लावण्यापूर्वी मडगार्डावर दोनदा थोपटत. "उगी, उगी." नालबंद घोड्याचा पाय उचलताना जसा पाठमोरा वाकतो तसे ते चाकाशी पाठमोरे वाकत, मग काहीतरी आठवल्यासारखं करून वळत आणि टामी हातात घेत. मी ते शंभरदा पाहिलं असेल. शंभरदा ते आधी पाठमोरेच वाकले.

मी राजापूरच्या बाजूचा. वडील गेले, शाळा सुटली, आगबोटीनं मुंबईला आलो. एका गॅरेजात मोटारी धुतल्या, मग हाकायला शिकलो. विशी उलटल्यावर मुरबाडच्या एका शेठकडे ड्रायव्हर म्हणून लागलो. शेठचा लाकूड-कोळशाचा ठेका होता. डोळखांबकडच्या रानात भट्ट्या आणि आटगाव स्टेशनात वॅगनी, म्हणून मुरबाड, किन्हवली, शहापूर, आटगाव अशी माझी सारखी ये-जा. त्या मुलखात माझं कुणी नव्हतं. बोलणंही वेगळं. मी 'कुठे'ला आमच्याकडचं 'खंय' म्हटलं की कोळशाच्या भट्टीवरची माणसं पोट धरून हसत. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठला रे तू?" मी सांगितलं. त्या दिवसापासून मी राजापुऱ्या झालो. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मलाही ते सांगावंसं वाटलं नाही. तिकडे मला नावानं हाक मारणारं दुसरं तरी कोण होतं?

आता त्या मोटारीचं सांगतो, कारण सगळं रामायण तिच्या टायरांचं.

शेठनी ती तिसऱ्या हातानं घेतली होती. पहिला मालक कुणी गोरा साहेब. तो म्हणे उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड डोंगरात असायचा. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचतं, म्हणून त्यानं मोटारीला खास थंडीतले टायर बसवून घेतले होते. जाड रबर आणि त्यावर सुपारीएवढ्या गाठी. बर्फात त्या रुतून पकड घेतात असं शेठ ज्याला त्याला सांगत. मुरबाडच्या बाजारात माणसं मोटार सोडून चाकंच बघायला येत. एकदा तर एक म्हातारी गाठींवरून हात फिरवून म्हणाली, "देवी आल्यात काय गो हिला?"

बाबांनी ते टायर पहिल्यांदा चाचपले, एकेक गाठ बोटानं दाबून पाहिली. मग विचारलं, "बर्फ म्हंजे काय रे?"

"पाणी गोठतं, बाबा. दगडासारखं."

"आणि त्याच्यावरून ही चालायची?"

"हो."

"मग इथं काय करतीय?"

मलाही कुणी विचारलं असतं की राजापूरचा तू इथं काय करतोस, तर मी तरी काय सांगणार होतो? बाबा टायरावर थोपटत म्हणाले, "थंडीतलं जनावर आणून उन्हात बांधलं. पाय फुटणारच बिचारीचे."

आणि फुटलेच. वैशाखात ते रबर मऊ पडायचं आणि मुरमाच्या रस्त्यावर खरडून निघायचं. दोन उन्हाळ्यांत गाठी गेल्या. तिसऱ्यात टायर मुंजीतल्या बटूच्या डोक्यासारखे गुळगुळीत झाले आणि आतून कापडाचे दोरे दिसायला लागले. तोवर दुसरी मोठी लढाई ऐन भरात आली होती, रबर सगळं फौजेला जाई. नवा टायर हवा तर परमिट हवं, आणि ते आमच्यासारख्याला मिळायचं नाही. ट्यूबवर ठिगळ, ठिगळावर ठिगळ. टायरला भोक पडलं तर आतून दुसऱ्या मेलेल्या टायरचा तुकडा बसवायचा. आमची मोटार शेठच्या पेट्रोलवर चालायची म्हणतात, पण खरं सांगायचं तर ती बाबांच्या ठिगळांवर चालायची.

मला काळजीचा रोगच आहे. अजून आहे. मैल-दोन मैलांवर गाडी थांबवून मी चारही चाकांना लाथ मारून बघायचो. चाकाचे नट तीनदा आवळायचो. स्वप्नातसुद्धा मला हवा गेल्याचा फुस्स आवाज यायचा. बाबा म्हणायचे, "सारका पायच बघत रायलास तर घोडी बिथरंल ना रे. जरा पुढं बघ."

त्यांच्या तऱ्हा अनेक. पहिली म्हणजे पाण्याची. गळती शोधायची तर सगळी दुनिया ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवते आणि बुडबुडे बघते. बाबांकडे घमेलं नव्हतंच. ते मिशा ओल्या करायचे. अंबाडीच्या वाखासारख्या पांढऱ्या, दाट मिशा. फुगवलेली ट्यूब तोंडाशी धरून सावकाश फिरवायचे, जशी काही तिची पापी घेताहेत. ओल्या मिशांना हवेचा गारवा लागला की थांबायचे. "हितं." खडूनं खूण केली की तिथे सुईच्या अग्राएवढं भोक निघायचंच. कुणी म्हटलं की बाबा, पाणी का वापरत नाही, तर म्हणायचे, "पाण्यात बुडबुडा कुनालापन दिसतो. त्यात काय इद्या?"

दुसरी तऱ्हा, आपली चूक कधी कबूल करायची नाही. एकदा वाशिंदचा एक ड्रायव्हर तणतणत आला. सकाळी लावलेलं ठिगळ दुपारी सुटलं होतं.

"काय बाबा, तुमचं ठिगळ आटगावपर्यंत नाय टिकलं!"

"ठिगळ कुठंय?"

"हे काय, लोंबतंय!"

"मंग हाय की अजून. बाजूचा रबर मेला, त्याला मी काय करू? माझं ठिगळ जित्तं हाय."

ड्रायव्हर हसायला लागला आणि भांडण तिथेच संपलं. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांना ते अगदी खरंच वाटत होतं.

तिसरी तऱ्हा मला फार आवडायची. चाक उतरवताना ते म्हणायचे, "आता सांग. कुठून कुठून आलास?" मग मी सांगायचं. मुरबाड सोडलं, सरळगावला वळलो, पुढे ओढ्यात वाळू होती, किन्हवलीच्या अलीकडे बैलगाड्यांची रांग, चढावर दगड टोकदार. डोळे मिटून ऐकायचे. एखादं वळण गाळलं की पकडायचे. "अरे, त्या पिंपळाजवळची खाच? ती कुठं गेली?" त्यांना सगळा रस्ता पाठ, पण मोटारीत मात्र जन्मात बसले नव्हते. लांबच्या गावी जायचं तरी चालत. मी किती वेळा म्हटलं, बसा, सोडतो. उत्तर ठरलेलं, "घोड्याला डोळे असतात रे. खड्डा दिसला तर तो थांबतो. जिला डोळे नायत तिच्या पाठीवर मी नाय बसनार."

तेव्हा मला ते नुसतं हट्टी म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं.

पौषाचे दिवस होते. सकाळी हातात टामी धरवत नव्हती अशी थंडी. थंडीतले टायर आणि थंडीतच फुटायचं नशीब त्यांचं! आटगावहून परत येताना शहापूरच्या नाक्यावर मागचा डावा टायर फाटला. ट्यूबच्या चिंध्या झाल्या. स्पेअर तर केव्हाच संपली होती. आणि शेठचा निरोप असा, की दिवे लागायच्या आत मोटार मुरबाडला पाहिजे, उद्या कल्याणला कोर्टाची तारीख आहे, मोटार आली नाही तर दुसरा ड्रायव्हर बघतो. शेठ बोलले ते करणारे होते.

बाबांनी ट्यूबच्या चिंध्या हातात घेतल्या आणि खाली ठेवल्या. "हिचा दम गेला. आता पेंढा भरायचा."

लढाईच्या काळात तिकडे ही युक्ती सर्रास चालायची. ट्यूब नाही तर टायरात भाताचा पेंढा ठोकून ठासून भरायचा आणि बैलगाडीच्या चालीनं न्यायचं. पण पेंढा लांब आणि चिवट हवा, आणि त्या दिवशी नाक्यावर होता तो सगळा कुजका. बाबांनी त्यातली एक काडी मोडून फेकली. मग मला म्हणाले, "चल घरी."

घर जवळच, चिंचेमागे. बाबांची बायको, आमच्या आजी, दारात नाचणी पाखडत होत्या. बाबा शिडीवरून माळ्यावर चढले आणि एक पेंढी घेऊन खाली आले. लांब, सोनेरी, कणसांसकट.

आजी सूप ठेवून उभ्या राहिल्या. "अवो, ती घोड्याची हाय ना?"

"म्हायती हाय."

मग मला आजींकडून कळलं. घोडा होता तेव्हा दर दिवाळीला त्याच्यापुढे न झोडलेली, दाण्यासकट पेंढी टाकायची त्यांची रीत. वर्षभर तो ओढतो, एक दिवस त्यानं दाणा खायचा. घोडा जाऊन आठ वर्षं झाली तरी बाबा दर कापणीला एक पेंढी बाजूला काढून माळ्यावर ठेवत. वर्ष सरलं की ती शेळीला जायची आणि नवी चढायची.

बाबांनी ती पेंढी दगडावर झोडली. दाणे आजींच्या सुपात पडले. झोडताना प्रत्येक फटक्यासरशी त्यांचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे बघू लागलो. मग नाक्यावर येऊन त्यांनी पेंढ्याचा पीळ वळायला घेतला. दोन हातांत धरून माझ्यापुढे केला. "बघ रे राजापुऱ्या, दाना रायलाय का कुठं? कनसात असंल तर सांग."

मी दुसऱ्या चाकाचे नट आवळत होतो. सूर्य डोक्यावर येत होता आणि वाट लांब होती. मला शेठ दिसत होते, दुसरा ड्रायव्हर दिसत होता.

"नाय बाबा. साफ हाय."

"नीट बघ."

"बघितलं."

खरं म्हणजे मी मान वळवली नव्हती.

किन्हवली ओलांडली, सरळगावला वळलो. पळत्या बैलाच्या चालीनं चाललो होतो, उजेड अजून होता. मुरबाडच्या अलीकडे तपासणी नाका होता. त्या वर्षी एका तालुक्यातलं भात दुसऱ्या तालुक्यात न्यायला बंदी होती आणि माणसं गोधडीत, दुधाच्या कळशीत, पाळण्यातसुद्धा भात लपवून नेत होती. माझ्या मोटारीत काहीच नव्हतं, म्हणून मी निर्धास्त थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा निर्धास्त, आणि तिथेच फसलो.

शिपाई आत डोकावला, डिकी उघडली, काही नाही म्हणून हात केला. तेवढ्यात शेजारच्या घरातली एक कोंबडी तुरूतुरू आली आणि मागच्या डाव्या चाकाला टोच मारू लागली. मग दुसरी आली. मग सातआठ. चाकाभोवती ही गर्दी!

शिपाई बघतच राहिला. "काय रे, कोंबड्या का चिकटल्यात तुझ्या चाकाला?"

मी खाली वाकलो. टायरच्या चिरेतून भात गळत होतं. सोनेरी, एकेक दाणा. माझ्या मागे रस्त्यावर पण दोनचार पडले होते.

कारकून बाहेर आले. टायर उतरवायला लावला, पेंढा उपसला, झटकला. निघाला किती? दोन मुठी. पण कारकून म्हणाले, "आज दोन मुठी. काल किती होते? चार टायर, रोजची खेप! काय शक्कल काढली आहे!" आणि त्यांचंही काय चुकलं? पाळण्यात भात सापडल्यावर टायरातल्या भाताला कोण निर्दोष म्हणेल? मी सांगितलं, शहापूरचे बाबा, पेंढी, घोडा. घोडा म्हटल्यावर तर सगळे हसलेच.

लायसन्सचं पुस्तक काढून घेतलं. मोटार तिथेच ठेवली. तपासणीचे साहेब परवा येणार, तोवर नाक्याच्या ओसरीवर बसून राहा म्हणाले. मुरबाडहून शेठचा माणूस आला. तो माझ्याशी बोललाच नाही. कारकुनांना म्हणाला, "ड्रायव्हरनं काय केलं ते शेठना ठाऊक नाही. त्यांचा काही संबंध नाही," आणि निघून गेला.

दोन दिवस मी त्या ओसरीवर बसलो. तुरुंगाची भीती वाटत होती, पण त्याहून मोठी भीती आईची. गावी ती सगळ्यांना सांगायची, माझा मुलगा मोटार हाकतो. आमच्या वाडीत मोटार कुणी पाहिलीही नव्हती. मोटार हाकणं म्हणजे बैल हाकण्यासारखं काहीतरी असणार असं तिला वाटायचं आणि मी तिची समजूत काढली नव्हती. लायसन्स गेलं तर मी परत कुठल्या तोंडानं जाणार? मला दुसरं काय येत होतं? ते पुस्तक म्हणजे माझी सगळी शाळा होती.

पहिल्याच रात्री एका गाडीवानाबरोबर मी बाबांना निरोप धाडला होता. ते येतील असं मात्र वाटलं नव्हतं. मोटारीत बसायचं नाही, आणि चूक कबूल करायची नाही. असा माणूस कशाला येईल?

तिसऱ्या दिवशी सकाळी, साहेब येऊन बसले असतानाच, रस्त्यावर दोघं दिसली. आजी पुढे, बाबा मागे. आजींच्या हातातल्या काठीचं दुसरं टोक बाबांच्या हातात. शहापूरपासून चालत, वाटेत किन्हवलीला मुक्काम करून. तसं काठी धरून चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नाक्यावरच्या चिंचेपासून घरापर्यंत ते एकटे ताठ चालायचे. ती वाट त्यांच्या पायाखालची होती, हे माझ्या ध्यानात तेव्हा आलं.

पायरीशी ते अडखळले. "पायरी हाय," आजी हळूच म्हणाल्या.

साहेब शांत गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"ते भात माझं, साहेब. पेंढी माझ्या घोड्याची."

"घोडा कुठे आहे?"

"मेला. आठ वर्सं झाली."

कारकून हसले. साहेबही हसू दाबत म्हणाले, "मेलेल्या घोड्याला पेंढी?"

"घोडा मेला, साहेब. मी नाय मेलो ना अजून."

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी कागदाच्या पुडीतले दाणे समोर ठेवले. "पेंढ्यात एवढे दाणे राहिले, ते भरताना दिसले नाहीत तुम्हाला?"

ओसरीवर बरीच माणसं जमली होती. त्यांत शहापूरकडचे दोन ड्रायव्हर होते, किन्हवलीचा बैलगाडीवाला होता. बाबांनी मान वळवली. कोण कोण आहे ते त्यांनी आवाजांवरून ओळखलं असणार.

"नाय दिसले."

"का?"

"मला दिसत नाय, साहेब. तीन वर्सं झाली. उजेड-अंधार कळतो. बाकी नाय."

मला पाण्याचं घमेलं आठवलं. त्या मिशा, ती वळणांची उजळणी, मोटार दिसायच्या आधी मारलेली हाक आठवली. त्यात कसलीच विद्या नव्हती आणि सगळी विद्याच होती.

कारकुनांना ते पटलं नाही. "आंधळा माणूस टायर दुरुस्त करतो? साहेब, हे ठरवून आलेत." तेव्हा साहेबांनी नाक्यावरच्या एका मोटारीची गळकी ट्यूब आणवली. बाबांनी ती फुगवून मागितली, आजींच्या तांब्यातलं पाणी मिशांना लावलं, आणि ट्यूब तोंडाशी फिरवू लागले. अर्ध्या फेरीत थांबले. "हितं एक." पुढे गेले. "आणि हितं लहान. हा उन्हाळ्यात बोंबलंल."

साहेबांनी ट्यूब घमेल्यात बुडवली. दोन्ही ठिकाणी बुडबुडे आले.

मग त्यांनी शेवटचा प्रश्न केला. तो मी अजून विसरलो नाही. "पेंढा भरताना तुमच्याबरोबर डोळे असलेलं कुणी नव्हतं? कुणाला दाखवलं नाहीत?"

मी दोन हात अंतरावर उभा होतो. मी पुडीतल्या दाण्यांकडे बघत राहिलो. बाबांनी माझ्याकडे तोंड फिरवलंसुद्धा नाही.

"कोन बघनार? मी एकलाच व्हतो. चूक माझी हाय."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी चूक कबूल केली, आणि ती त्यांची नव्हती. ती माझी होती.

साहेबांनी माझं पुस्तक परत दिलं. आम्ही उठलो, तेवढ्यात आजी पुढे झाल्या. "साहेब, आमचं भात?"

"काय?"

"पुडीतला. घोड्याचं हाय ते."

साहेबांनी पुडी त्यांच्या हातात दिली. आजींनी ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

बाहेर येऊन मी म्हटलं, "बाबा, आज तरी बसा. सोडतो शहापूरपर्यंत."

ते मोटारीभोवती फिरले. एकेका चाकावर हात ठेवला, थोपटलं. मागच्या डाव्याशी आले. तिथे मी सुतळी आणि गोणपाट कोंबून ठेवलं होतं. "हे काढ," म्हणाले. आजींनी शेजारच्या घरातून कोरडा पेंढा मागून आणला. बाबांनी पाठमोरं वाकून, मग वळून, भरायला घेतलं. पण प्रत्येक पीळ आधी माझ्या हातात देत होते.

"बघ."

मी बघितला.

"आता खरंच बघ रे."

एवढंच बोलले. त्यांना सगळं ठाऊक होतं. नटाच्या आवाजावरून माझं तोंड कुठे होतं ते त्यांना तेव्हाच कळलं असणार. मी एकेक कणीस उकलून बघितलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे नीट दिसत नव्हतं, तरी बघितलं.

मोटारीत ते बसले नाहीतच. "तीन पायांवर भरवसा हाय. चौथ्यावर नाय," म्हणाले, आणि काठीचं टोक धरून चालू लागले. मी हळूहळू मुरबाडकडे निघालो. वळून पाहिलं तर ते रस्त्यात थांबून माझ्या चाकांचा आवाज ऐकत होते.

शेठनी मला ठेवून घेतलं. मोटार सुटून आली होती आणि दुसरा ड्रायव्हर मिळाला नव्हता. बाबांना मात्र ते जड गेलं. आंधळ्याकडे टायर कशाला द्यायचा, असं म्हणून बरेच ड्रायव्हर वाशिंदला जाऊ लागले. बाबांची ठिगळं तीच होती, हातही तेच होते. तीन वर्षं न दिसता लावलेली ठिगळं सगळ्यांना चालली, आणि कळल्यावर चालेनाशी झाली. मी गेलो की ते चिंचेखाली बसलेले असायचे. "आला राजापुऱ्या," लांबूनच म्हणायचे. मी सरळगावपासून सगळा रस्ता सांगायचो, एकही वळण न गाळता. पिंपळाजवळची खाचसुद्धा. पण ती एक गोष्ट तोंडातून निघायची नाही. त्यांना ती माहीत आहे हे मला माहीत होतं, म्हणून तर अधिकच निघायची नाही.

लढाई संपली. शेठनी मोटार विकली. मी आता अकोल्याच्या बाजूला कापसाच्या एका जिनाचा ट्रक हाकतो. राजापूर होतं त्याहून लांब पडलं. इथला रस्ता सपाट, काळ्या मातीचा, पण सवय गेली नाही. मैलामैलावर उतरून चाकं बघतो. बाबांचं बोलणं आठवतं आणि मग थोडा वेळ पुढे बघतो.

मागच्या महिन्यात तिकडचा एक माणूस भेटला. म्हणाला, म्हातारा आहे अजून, चिंचेखालीच बसतो, आणि माळ्यावर पेंढी चढवायला आता आजींना चढावं लागतं.

बाबा, तुम्हाला वाचता येत नाही. हे कुणीतरी वाचून दाखवील, किंवा मीच येऊन सांगेन. इथे आता नवे टायर मिळू लागले आहेत. चार नवे कोरे टायर लावलेली मोटार घेऊन मी एक दिवस शहापूरच्या नाक्यावर येणार आहे. कुणाचीही असो, मागून आणीन. तुम्ही चारही पाय चाचपा, थोपटा, हवं तर मिशा ओल्या करून बघा. मग पुढे माझ्या शेजारी बसा. तिला डोळे नाहीत हे खरं. पण मला आहेत. शहापूर सोडलं, किन्हवली आली, ओढ्यात वाळू आहे, हा पिंपळ, ही खाच, असं मुरबाडपर्यंत मी तुम्हाला सगळं सांगत जाईन.

या खेपेला मी बघून सांगेन, बाबा. खरंच बघून.